चोवीस तासांचा भार आणि घरचे वायरिंग

प्रश्न असा आहे. नाशिकमधील एका वीस वर्षे जुन्या इमारतीत, दोन खोल्यांच्या सदनिकेत, प्रश्नकर्त्यांनी क्रिप्टो चलनाच्या मायनिंगसाठी, म्हणजे सततच्या आकडेमोडीतून ते चलन कमावण्यासाठी, सहा ग्राफिक्स कार्डांचा एक रिग (संगणकाचा संच) उभा केला आहे आणि त्याच्या शेजारी बिटकॉइनसाठीचे अँटमायनर एस९ हे जुने यंत्र ठेवले आहे. दोन्ही यंत्रे बाल्कनीलगतच्या खोलीतील एकाच पॉवर पॉइंटवर, एका एक्स्टेंशन बोर्डातून चालतात. आणखी एक एस९ स्वस्तात मिळत आहे. तेही त्याच ठिकाणी जोडावे काय, यंत्रे रात्रंदिवस चालू ठेवणे सुरक्षित आहे काय, एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाल्यावर आपोआप पडणारा स्विच, असल्यावर वेगळी काळजी घ्यावी लागते काय, आणि गणपतीला आठ दिवस कोकणात गावी जाताना यंत्रे चालू ठेवून घर बंद करता येईल काय, असे त्यांनी विचारले आहे.

मी परवानाधारक विद्युत ठेकेदार आहे आणि गेली सत्तावीस वर्षे घरे, दुकाने आणि लहान कारखाने यांचे वायरिंग करत आलो आहे. उत्तर आधीच सांगतो. आहे तो भार स्वतंत्र लाइन टाकून सुरक्षितपणे चालवता येईल. दुसरे एस९ त्याच पॉइंटवर मुळीच जोडू नये. एमसीबी असली तरी आगीचा सर्वांत मोठा धोका तिच्या नजरेबाहेरच राहतो. आणि बंद घरात यंत्रे चालू ठेवून जाऊ नये. यामागची कारणे नीट समजली, तर तुमच्या घरातील परिस्थितीप्रमाणे पुढचे निर्णय तुम्हाला स्वतःला घेता येतील, म्हणून ती सविस्तर लिहितो.

घराचे वायरिंग करताना प्रत्येक वायरमन एक गोष्ट न बोलता धरून चालतो, ती म्हणजे भार येतो आणि जातो. दोन किलोवॅटचा गीझर पंधरा मिनिटे चालतो आणि बंद होतो. इस्त्री थर्मोस्टॅटवर थांबत थांबत चालते. एअर कंडिशनरचा कॉम्प्रेसरही खोली थंड झाल्यावर विसावतो किंवा निदान मंदावतो. वायर, तिचे जोड, स्विच, सॉकेट यांना प्रवाहामुळे जी ऊब येते ती चढते आणि पुन्हा उतरते. मायनिंगचे यंत्र मात्र पूर्ण भाराने सुरू होते आणि महिनोन्महिने त्याच भारावर राहते. जोडामध्ये जमणारी उष्णता उतरायला वेळच मिळत नाही. गीझरवर दहा वर्षे टिकलेले सॉकेट अशा भाराखाली दोन महिन्यांत काळे पडलेले मी पाहिले आहे, आणि त्या सॉकेटचा दर्जा वाईट होता असेही नव्हे. म्हणून सोळा अँपिअरची लाइन चोवीस तासांच्या भारासाठी आम्ही सोळाची मानत नाही; तिच्या ऐंशी टक्के, म्हणजे १२.८ अँपिअर, हीच तिची मर्यादा धरतो.

आता तुमच्या यंत्रांचा हिशेब. एस९ भिंतीतून सुमारे १३५० वॅट घेते. तुमचा रिग ९०० वॅट घेतो असे तुम्ही लिहिले आहे. एकूण २२५० वॅट झाले. २३० व्होल्टला ते ९.८ अँपिअर होतात. येथपर्यंत सर्व ठीक दिसते. परंतु मायनिंगच्या यंत्रातील एसएमपीएसचा, म्हणजे भिंतीतली वीज चिप्सना लागणाऱ्या कमी व्होल्टच्या विजेत बदलणाऱ्या पेटीचा, एक स्वभाव लक्षात घेतला पाहिजे. गीझरचे व्होल्टेज कमी झाले की त्याचा प्रवाहही कमी होतो आणि पाणी सावकाश तापते. एसएमपीएसचे उलटे असते. आतल्या चिप्सना लागणारी शक्ती तेवढीच असल्यामुळे, व्होल्टेज उतरले की तो प्रवाह जास्त ओढतो. उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघरी एअर कंडिशनर सुरू होतात, ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो आणि २०० व्होल्टपर्यंत पुरवठा उतरतो. त्या वेळी तुमचे २२५० वॅट ११.२५ अँपिअर ओढतील. बारा-तेराच्या आत असल्याने स्वतंत्र सोळा अँपिअरच्या लाइनला हे पेलवेल.

दुसरे एस९ जोडल्यावर एकूण ३६०० वॅट होतात. २३० व्होल्टला ते १५.७ अँपिअर आणि २०० व्होल्टला १८ अँपिअर. तुम्हाला वाटेल की १६ अँपिअरची एमसीबी १८ अँपिअरला पडेल आणि आपण सावध होऊ. तसे होत नाही. घरगुती एमसीबी ज्या मानकाप्रमाणे बनतात, त्यात असे ठरलेले आहे की नेमून दिलेल्या प्रवाहाच्या १.१३ पटीपर्यंत ती एक तासाच्या आत पडता कामा नये आणि १.४५ पटीला मात्र एका तासाच्या आत पडलीच पाहिजे. सोळाचे १.१३ पट म्हणजे १८.०८. तुमचे १८ अँपिअर नेमके त्या रेषेच्या आत बसतात. तो प्रवाह संध्याकाळभर वाहील, वायर तापत राहील आणि एमसीबी तिच्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर वागून शांत बसेल. सोळाची एमसीबी पडण्याची हमी हवी असेल, तर प्रवाह २३.२ अँपिअरपर्यंत जावा लागतो आणि तेथेही तिला तासाभराची मुभा असते.

याहून गंभीर गोष्ट अशी की जोड सैल झाला तर प्रवाह वाढतच नाही, आणि एमसीबी फक्त प्रवाह मोजते. समजा सॉकेटच्या स्क्रूखाली वायर किंचित सैल आहे आणि तेथे एका ओहमच्या दहाव्या भागाइतका अडथळा निर्माण झाला आहे. चौदा अँपिअर वाहत असतील, तर त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत जवळजवळ २० वॅट उष्णता सतत तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील सोल्डरिंगची इस्त्री साधारण पंचवीस वॅटची असते आणि ती कथिल वितळवते. तशी एक इस्त्री भिंतीतल्या प्लास्टिकच्या पेटीत दिवसरात्र चालू ठेवली आहे, असे डोळ्यांपुढे आणा.

जानेवारी २०१८ मध्ये मायनिंगची मोठी हवा होती, तेव्हा एका ओळखीच्या गृहस्थांनी मला घरी बोलावले. दोन दिवसांपासून खोलीत मासळी सडल्यासारखा वास येत होता आणि घरचे लोक उंदीर मेला असेल म्हणून कपाटे सरकवत होते. वीजकाम करणाऱ्यांच्या हा वास ओळखीचा आहे. सॉकेटचे प्लास्टिक बराच काळ तापत राहिले की तो येतो. मेन स्विच पाडून मी पॉवर पॉइंटची प्लेट उघडली. फेजची वायर नव्यासारखी होती. न्यूट्रलच्या वायरचे आवरण मात्र दोन बोटे लांबीपर्यंत तपकिरी होऊन भाजलेल्या पापडासारखे झाले होते आणि बोट लावताच त्याचे तुकडे पडले. आतले तांबे जांभळट काळे झाले होते. स्क्रूला पेचकस लावला, तर तो काहीही जोर न लावता जवळजवळ एक आटा फिरला. त्या लाइनवर साडेदहा अँपिअरचा भार होता, एमसीबी सोळाची आणि चांगल्या प्रतीची होती, आणि ती एकदाही पडली नव्हती. प्लेटच्या मागे लाकडी पॅनेलिंग होते. तो वास दुर्लक्षित राहिला असता, तर पुढे काय झाले असते याचा विचार मी आजही नवे काम घेताना करतो. त्या दिवसापासून माझी पद्धत अशी आहे की चोवीस तासांच्या भाराचे काम झाल्यावर एका आठवड्याने मी पुन्हा जातो आणि मेन बंद करून प्रत्येक स्क्रू स्वतः आवळतो, कारण तांब्याचे तार दाबाखाली आणि उष्णतेने बसतात आणि पहिल्या काही दिवसांतच स्क्रू किंचित सैल होतो. पुढे दर तीन महिन्यांनी तेच करावे.

त्यामुळे तुमच्याकडे पहिले काम एक्स्टेंशन बोर्ड काढून टाकण्याचे आहे, आणि ते आजच करावे. स्पाइक गार्ड किंवा एक्स्टेंशन बोर्ड उलटा करून पाहा. बहुतेकांवर ६ किंवा १० अँपिअर लिहिलेले असते. आतल्या पितळी पट्ट्या पातळ असतात आणि त्यांच्या पकडीची लवचिकता उष्णतेने जाते, की मग पिन सैल बसते आणि वर सांगितलेलेच चक्र सुरू होते. एस९ सोबत येणाऱ्या केबलचीही अशीच गोष्ट आहे. आपल्या बाजारातील संगणकाच्या साध्या पॉवर केबलला भिंतीच्या बाजूला ६ अँपिअरचा थ्री-पिन टॉप (प्लग) असतो. एस९ एकटे २३० व्होल्टला ५.९ अँपिअर घेते, म्हणजे टॉपची पूर्ण क्षमता कायमची वापरली जाते. २०० व्होल्टला ते ६.७५ घेते, म्हणजे क्षमतेच्या बाहेर जाते. केबल १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेची, मोठ्या म्हणजे १६ अँपिअरच्या टॉपची घ्यावी आणि एका सॉकेटवर एकच यंत्र लावावे.

दुसरे काम म्हणजे डीबीपासून, म्हणजे घरातील एमसीबींच्या पेटीपासून, त्या खोलीपर्यंत स्वतंत्र लाइन. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर, तिचा स्वतःचा न्यूट्रल, स्वतःची अर्थ आणि १६ अँपिअरची एमसीबी. पुस्तकी तक्त्यांप्रमाणे २.५ची वायरही हा प्रवाह वाहून नेईल. परंतु ते तक्ते मोकळ्या वायरसाठी वेगळे आणि एकाच पाइपात पाच-सहा वायरी कोंबलेल्या असताना वेगळे असतात, आणि जुन्या इमारतीतील पाइपात काय काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही. शक्य असेल तर भिंतीवरून वेगळी पट्टी किंवा पाइप नेऊन काम करावे. दिसायला थोडे कमी चांगले दिसेल, पण हात लावून ऊब तपासता येईल आणि वाटेत कुठेही जोड राहणार नाही. लाइनच्या मध्ये जोड नको, हा नियम मी कोणाच्याही आग्रहाने मोडत नाही. जाड वायर घालून एमसीबीही २५ किंवा ३२ची करावी असे कोणी सुचवले तर ऐकू नये. एमसीबी सॉकेट आणि टॉपच्या क्षमतेपेक्षा मोठी असता कामा नये.

तुमच्या घरातील मीटरपासून डीबीपर्यंतची वायर आणि मेन स्विचही वायरमनकडून तपासून घ्या. मायनिंगचे अकरा अँपिअर, त्यावर सकाळचा गीझर नऊ अँपिअर, त्यावर दीड टनाचा एअर कंडिशनर, असे एकत्र आले की त्या काळी टाकलेल्या वायरीवर तिच्या मूळ हिशेबाबाहेरचा भार येतो. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो कमी असेल तर वाढवून घ्यावा. त्यासाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि त्या निमित्ताने सगळ्या वायरिंगची तपासणीही होते.

आरसीसीबीबद्दल, म्हणजे वीज अर्थमध्ये झिरपू लागली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचबद्दल, थोडे विस्ताराने लिहितो, कारण मायनिंग करणारे लोक येथे एक जीवघेणी चूक करतात. प्रत्येक एसएमपीएसमध्ये विजेतील गोंगाट गाळण्यासाठी फेजपासून आणि न्यूट्रलपासून अर्थकडे जाणारे छोटे कॅपॅसिटर असतात. त्यांतून सतत थोडा प्रवाह अर्थमध्ये झिरपतो, साधारण एक मिलिअँपिअरच्या आसपास. घरातील आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असते, पण ती १५ ते ३० यांच्या दरम्यान कुठेही पडू शकते. एसएमपीएसची संख्या वाढली, त्यात फ्रिज, वॉशिंग मशीन यांचा झिरपा मिळाला, की ती कारण नसताना पडू लागते. मग वैतागून कोणीतरी ती वगळून वायर सरळ जोडतो. असे केलेल्या घरात ओल्या हाताने यंत्राला स्पर्श करणारे मूल आणि मृत्यू यांच्यामध्ये काहीही उरत नाही. योग्य उपाय सोपा आहे: मायनिंगच्या लाइनला वेगळी ३० मिलिअँपिअरची, ए प्रकारची आरसीसीबी द्यावी. बाकीचे घर जुन्या आरसीसीबीवर राहील आणि दोन्ही शांत चालतील.

तुम्ही लिहिले आहे की रिगच्या लोखंडी चौकटीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. कृपया याकडे दुर्लक्ष करू नका. याचा अर्थ तुमच्या पॉवर पॉइंटची अर्थिंग तुटलेली आहे किंवा कधी जोडलेलीच नाही. वर सांगितलेले दोन कॅपॅसिटर अर्थ नसताना चौकटीला पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर, नेऊन ठेवतात. तो झिरपा स्वतः क्षीण असल्याने आज फक्त झिणझिण्या येतात. पण उद्या एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला, तर पूर्ण २३० व्होल्ट चौकटीवर येतील. अर्थिंग मोजून, दुरुस्त होईपर्यंत यंत्रे बंद ठेवावीत. वीस वर्षे जुन्या इमारतींत अर्थचा खड्डा कोरडा पडलेला असणे किंवा मीटरच्या जागी अर्थची पट्टी गंजून तुटलेली असणे ही नेहमीची बाब आहे, त्यामुळे प्रश्न कदाचित एकट्या तुमच्या घराचा नसेल. सोसायटीच्या कानावर घाला.

तिसरा धोका बाहेरून येतो. आपल्याकडे खांबावरचा किंवा मीटर रूममधला न्यूट्रल सैल झाला, तर इमारतीतील काही घरांत व्होल्टेज अचानक ३००च्या पुढे आणि वाईट प्रसंगी ४००च्या जवळ जाते, कारण दोन फेजांच्या मधोमध ती घरे एकमेकांशी जोडली जातात. रात्री तीन वाजता तुमचे बहुतेक दिवे बंद असतात. मायनिंगचे यंत्र मात्र चालू असते. कमी-जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारा रिले आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार जोडणारा-तोडणारा चुंबकीय स्विच, या लाइनवर बसवावा. तो १८०च्या खाली आणि २७०च्या वर पुरवठा तोडेल, आणि वीज गेल्यानंतर परत आली की तीन ते पाच मिनिटे थांबून मगच यंत्रांना देईल. हा विलंब महत्त्वाचा आहे. वीज परत येते तेव्हा पहिली काही मिनिटे ती झोके घेत असते, आणि मायनिंगचे रिग बहुधा वीज येताच आपोआप सुरू व्हावे असेच लावलेले असतात. मोबाइलवरून चालू-बंद करण्यासाठी लोक स्मार्ट प्लग वापरतात. त्यातून प्रत्यक्ष भार नेऊ नये. स्मार्ट प्लगने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी, भार कॉन्टॅक्टरने उचलावा. घरातील इन्व्हर्टरच्या बॅटरीवर यंत्रे जोडण्याचा विचारही करू नये.

आता रिगच्या आतले. कार्डांना मदरबोर्डाशी जोडणारे रायझर तुम्ही साटा, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, कनेक्टरवरून चालवले आहेत असे तुमच्या छायाचित्रात दिसते. साटा कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण ५४ वॅटच्या असतात. रायझरमधून कार्ड ७५ वॅटपर्यंत घेऊ शकते. क्षमतेबाहेरच्या त्या प्रवाहाने हा छोटा कनेक्टर तापतो, आणि रिगमधल्या अनेक जळण्याच्या घटना येथूनच सुरू होतात. सहा पिनांचे रायझर घेऊन ते एसएमपीएसच्या मूळ केबलने जोडावेत, एका केबलवर दोनपेक्षा जास्त रायझर नकोत आणि कार्ड एका एसएमपीएसवर, रायझर दुसऱ्यावर असेही नको.

उष्णतेचा हिशेब सरळ आहे: भिंतीतून घेतलेला प्रत्येक वॅट शेवटी खोलीत उष्णता म्हणून येतो. २२५० वॅट म्हणजे हिवाळ्यात आपण जपून लावतो तसा मोठा रूम हीटर, न विझणारा. दहा बाय दहाच्या खोलीत बाहेरच्यापेक्षा आतली हवा दहा अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर खोलीतील सगळी हवा दर अडीच मिनिटांनी बदलली पाहिजे. नाशिकला मे महिन्यात दुपारी बाहेर चाळीस अंश असतात. दहा अंश वाढून आत पन्नास होतील, आणि एस९ साठी सभोवतालची हवा चाळीसपर्यंतच चालते. म्हणून एप्रिल आणि मे महिन्यांत दुपारी अकरा ते सायंकाळी सहा यंत्रे बंद ठेवावीत, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. एअर कंडिशनर लावून यंत्रे थंड ठेवणे म्हणजे आणखी सहाशे-आठशे वॅटचा कायम भार वाढवणे. त्यापेक्षा एस९ च्या मागून निघणारी गरम हवा पत्र्याच्या नळीने थेट खिडकीबाहेर काढावी आणि समोरच्या बाजूने जाळीतून गार हवा आत घ्यावी. गरम हवा फिरून यंत्राच्या तोंडाशी येऊ न देणे, एवढेच यातले मर्म आहे. एसएमपीएसमधील कॅपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, त्यामुळे हा प्रश्न आगीइतकाच यंत्राच्या आयुर्मानाचाही आहे. जाळीमुळे पाल आणि झुरळेही बाहेर राहतात; पुरवठ्याच्या बाजूला पाल अडकून झालेला शॉर्टसर्किट मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. खिडकीबाहेर आवाज कोणाकडे जातो हेही पाहा. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि एस९ चा पंखा जवळून ७५च्या आसपास असतो.

तापमान तपासायची सवय ठेवा. नवी लाइन सुरू केल्यावर चार तासांनी टॉप, सॉकेट, एमसीबी आणि डीबीचे झाकण यांना बोटांची मागची बाजू लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. हात पाच सेकंद ठेववत नसेल, तर तेथे साठ अंशांच्या आसपास तापमान आहे आणि यंत्र लगेच बंद केले पाहिजे. अवरक्त थर्मामीटर घेणार असाल तर औद्योगिक कामाचा घ्या; करोनाच्या काळात कपाळावर धरायचे मिळत होते ते शरीराच्या तापमानापुरतेच असतात. चकचकीत धातूवर हे उपकरण चुकीचे, कमी तापमान दाखवते, म्हणून मोजायच्या जागी वीज बंद असताना काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर मोजावे.

खोलीत पडदे, गाद्या, पुठ्ठ्याची खोकी नकोत. बॅटरीवर चालणारा धूरसूचक छताला लावा, कारण धूर झोपेत जागे करत नाही. यंत्रांची लाइन तोडणारा स्विच खोलीच्या बाहेर असावा; आग आतल्या बोर्डाजवळ असेल तेव्हा तेथे पोहोचता येत नाही. कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक दाराबाहेर ठेवा. आधी वीज तोडायची, मग ते वापरायचे आणि लगेच खोलीबाहेर यायचे, कारण बंद खोलीत तो वायू श्वास कोंडतो. पाणी मारायचे नाही. पहिल्या मिनिटात विझले नाही, तर सर्वांना बाहेर काढून १०१ला फोन करायचा. हे घरातील प्रत्येकाला, विशेषतः दिवसभर घरी असणाऱ्या तुमच्या आईंना, एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.

यंत्रांचे जाळेही दारासारखेच बंद असावे. अँटमायनरचा मुळातला पासवर्ड सर्वांना माहीत आहे. तो बदला, यंत्र बाहेरून इंटरनेटवर उघडे ठेवू नका आणि कोणीतरी दिलेले फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर, घालू नका. अशा फर्मवेअरमधून चिप्सचा वेग आणि भार तुमच्या नकळत वाढवता येतो, आणि मग वर केलेला सगळा अँपिअरचा हिशेब खोटा ठरतो.

पैशाचा विषय तुम्ही विचारलेला नाही, पण सुरक्षिततेशी त्याचा जवळचा संबंध आहे; हिशेब तोट्यात गेला की माणूस पहिली काटकसर वायरीवर करतो. एक एस९ दिवसाला ३२.४ युनिट खाते. तुमचा आजचा एकूण भार दिवसाला ५४, म्हणजे महिन्याला १६२० युनिटांचा आहे. महावितरणचा घरगुती सर्वांत वरचा टप्पा ५०० युनिटांनंतर सुरू होतो. एस९ त्याच कामाला त्याच कंपनीच्या नव्या एस२१ यंत्राच्या जवळजवळ सहापट वीज घेते, आणि एप्रिल २०२४ मध्ये मायनिंग करणाऱ्यांना प्रत्येक ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या एका गठ्ठ्यामागे, मिळणारे बक्षीस ६.२५ बिटकॉइनवरून ३.१२५ झाले. ग्राफिक्स कार्डांचे मुख्य उत्पन्न इथेरियम या चलनाचे होते; त्याचे मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ रोजी बंद झाले आणि ते उत्पन्न संपले. आपल्याकडे या उत्पन्नावर तीस टक्के कर आहे आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा करता येणार नाही, असे केंद्र सरकारने २०२२ मध्ये संसदेत सांगितले आहे. घरगुती दराने वीज घेऊन एस९ चालवणे तोट्याचे आहे, त्यामुळे दुसरे घेऊ नये, आणि पहिले बंद केलेत तर तुमचा भार ९०० वॅटवर येऊन वरील निम्म्या अडचणी आपोआप मिटतील. घरगुती जोडणीवर हा वापर चालेल काय, हे महावितरणच्या उपविभाग कार्यालयाला लेखी विचारून उत्तर जपून ठेवा. मंजूर कारणाशिवाय वेगळ्या कारणासाठी वापर ठरला, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

राहिला गणपतीचा प्रश्न. पाणी मुरलेल्या भिंती, पावसाळी वादळात झोके घेणारा पुरवठा आणि आठ दिवस कुलूप असलेले घर, या तिन्ही गोष्टी त्याच आठवड्यात एकत्र येतात. सूचक वाजला तरी ऐकणारे कोणी नसेल आणि शेजाऱ्यांकडे किल्ली असली तरी जळत्या खोलीत शिरण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकणे योग्य नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी आधी सॉफ्टवेअरमधून यंत्रे थांबवा, पंखे दहा मिनिटे चालू राहू द्या, मग एमसीबी पाडा आणि टॉप सॉकेटमधून काढून ठेवा. परत आल्यावर घाईने सुरू करू नका. आठ दिवस थंड पडलेल्या बोर्डांवर ओल धरते, त्यामुळे खिडक्या उघडून, साध्या पंख्याने तीन-चार तास खोली आणि यंत्रे कोरडी करा, आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून ती पडते याची खात्री करा, आणि मग प्रथम फक्त रिग सुरू करून पहिला तास त्याच खोलीत थांबा.